विरजणाचं लेबल

मला सांगायला लावू नका, असं तीनदा म्हणलो. नसरीन ऐकत न्हाई. "मामू, मोबाईलपुढं नुसतं बोला, मी लिहून घेते." मी म्हणलो, मशिनीपुढं मी तोंड उघडत न्हाई. एका मशिनीनं माझं व्हायचं तेवढं वाटोळं केलंय. वही दे. दिली. आता माझं अक्षर लागत न्हाई म्हणून कुणी ओरडू नका, मी चौथी शिकलेला माणूस हाय.

नांदेडला एका कॉलेजात जंतूंची प्रयोगशाळा होती, तिथं मी शिपाई. नाव गंगाधर, पण सगळे मामाच म्हणायचे. जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर झाकण ठेवायचं राहिलं की दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरते. किस्से बी तसेच जमतात. आपण काही करावं लागत न्हाई, झाकण तेवढं इसरायचं!

* * *

मशीन आली त्या दिवशीचं आधी सांगतो.

आमचे विभागप्रमुख हंगरगे सर. लई शिकलेले, हसायला लई कंजूष. त्यांनी मला मशीन पुसायला लावली अन् पुसता पुसता समजावलं. "मामा, जगातला हरेक जंतू चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्या सगळ्या लिखाणाला जीनोम म्हणतात. ही मशीन ते वाचते. दोन जंतूंची अक्षरं जुळवून बघितली की कळतं, कोण कुणाचा भाऊबंद, कोण कवा वेगळा निघाला."

मी म्हणलो, "म्हंजे तलाठ्याचं काम करते म्हणा की!"

सर हसले न्हाईत. मला वाटलं, चुकलं आपलं.

पुढच्या महिन्यात मुंबईचे पाहुणे आले. सरांनी मशिनीवर हात ठेवला अन् म्हणले, "हा आमचा जंतूंचा तलाठी!" पाहुणे खदाखदा हसले. सर बी हसले! मी चहाचा ट्रे धरून मागंच उभा होतो. माझं नाव घेतलं न्हाई. तवाच मला कळायला पाहिजे होतं.

* * *

नसरीन तवा पीएचडी करून राहिली होती. लातूरची पोरगी, तोंडानं फटकळ. तिचा विषय होता घरोघरचं विरजण. कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातला उद्याच्या. लेक सासरी निघाली की सोबत नेती. म्हंजे दह्याला बी माहेर असतं. नसरीनला बघायचं होतं, गावोगावच्या दह्यातले जंतू किती जातीचे अन् पिढ्यान् पिढ्या बदलतात कसे.

आम्ही जीप घेऊन गावं फिरायचो. माझं काम बर्फाचा निळा डबा धरायचा, अन् नळीवर लेबल लावायचं, घर कुणाचं, बाई कोण, तारीख काय. एकदा मी लेबल इसरलो तर तिनं नळी सरळ बादलीत फेकली. "बिना लेबल का माल कचरा है मामू! मग तो अमृत का असेना!"

मुरुडला गेलो. माझ्या अंगात पांढरा एप्रन, हातात निळा डबा. गल्लीत पाय ठेवला न्हाई तोच बाया लेकरं घेऊन पळत आल्या. पोलिओवाले आले! सात-आठ पोरं आ करून रांगेत उभी!

नसरीन सांगून सांगून दमली, "अम्मा, डोस न्हाई, आम्ही दह्याचे जंतू तपासतो."

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणली, "वा गं बाई! दह्याची तब्येत बघायला गाडी येते, अन् लेकराच्या खोकल्याला तीन दिवस झाले कुणी न्हाई!"

नसरीन लाल झाली. मी बर्फाकडं बघत बसलो. त्या पोराला आम्हीच जीपमधी घालून दवाखान्यात नेलं. दही न्यायचं त्या खेपेला राहूनच गेलं.

* * *

नायगावच्या बाजूला एकदा सर स्वतः आले होते. वाटेत टायर बसलं, पोचायला सांज झाली. घरची बाई दिवा लावून उंबऱ्यात उभी. म्हणली, "दिवे लागल्यावर आम्ही विरजण देत न्हाई. घरातलं जातं. सकाळी या."

सरांनी तिथं उभ्या उभ्या भाषण दिलं. "ताई, सूर्य मावळला म्हणून जंतू मरतो का? ही अंधश्रद्धा आहे. आम्ही विज्ञानाची माणसं आहोत."

बाईनं ऐकून घेतलं सगळं. मंग म्हणली, "जंतू मरत न्हाई सर. रीत मरते."

परत फिरलो. सकाळी मी एकटाच गेलो तर तिनं वाटी भरून दिली, वर चहा पाजला. जीपमधी सर आठवडाभर तेच बोलत होते. "या लोकांना कवा अक्कल येणार, मामा?"

* * *

आता माझ्या चुकीचा सांगतो, म्हंजे कुणी म्हणायला नको की म्हातारा दुसऱ्याचीच धुणी धुतो.

जळकोटला दोन जावांची घरं, मधी एक भिंत. बांधावरून भाऊ भांडले, तवापासून वीस वर्षं येणं-जाणं बंद, लग्नाची पत्रिका बी जात नव्हती. आम्ही दोन्हीकडचं दही आणलं. वीस वर्षं वेगळं राहिलेलं विरजण काहीतरी बदलणारच, असं नसरीनचं गणित.

मशिनीतून कागद आला अन् ती खुर्चीतून उठली. "मामू! एका अक्षराचा बी फरक न्हाई! वीस बरस का वेगळं असूच शकत न्हाई, हे तर मागच्या महिन्याचं है!"

म्हंजे कळलं का? त्या दोघी भिंतीवरून वाटी देत-घेत होत्या. नवऱ्यांना पत्ता न्हाई, सासूला न्हाई. मशिनीला कळलं!

नसरीन म्हणली, "किसीकू बोलना नहीं, मामू." मी कबूल केलं. पण माझी जीभ! पुढच्या खेपेला पारावर दोघं भाऊ बसले होते, दोन दिशांना तोंडं करून. मी म्हणलो, "कशाला अकडता? तुमच्या बायकांचं दही एकच हाय!"

मला वाटलं हसतील. थोरला उठला अन् सरळ घरी गेला. आठ दिवसांनी भिंत दोन हात उंच झाली, वर काचा लावल्या.

त्यातली धाकटी मला पुढं बाजारात दिसली. शिव्या देईल म्हणून मी थांबलो. ती एवढंच म्हणली, "तेवढंच बोलणं होतं मामा आमचं."

* * *

मग आमच्या घरचं.

आमची ही, सुभद्रा. तिच्या आईचं विरजण, आईच्या आईचं. लग्नात आली तवा हातात डबा होता, झाकणावर कापड बांधलेलं, बैलगाडीत सांडू दिलं न्हाई. नसरीन घरी आली तर तिनं पाट दिला अन् वाटी पुढं केली. "घे माय, तपास."

पंधरा दिवसांनी नसरीन नाचतच आली. "मामू, मामीच्या दह्यातला जंतू कुणाशीच जुळत न्हाई! अख्ख्या नांदेड-लातूरात असा दुसरा न्हाई! नवीनच है!"

मी घरी येऊन सांगितलं. ही भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणली, "मंग? इतकी वर्सं फुकटच खाल्लं का तुम्ही?"

पण त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. अशी खूश मी तिला कधी बघितली न्हाई. शेजारणीला सांगायची, "माझ्या आयेचं नाव येणार हाय कागदावर."

* * *

दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला प्रत्येक हत्याराची पूजा, मंग मशीन काय वेगळी? सर म्हणले, "मामा, पंचामृताला घरचं दही आणा. विकतचं देवाला नको."

हिनं मोठा स्टीलचा डबा भरून दिला. मशिनीला हार, हळदीकुंकू. सरांनी सोवळं नेसून स्वतः पूजा केली. त्याच पंचामृताच्या हातानं मशिनीवर अक्षता टाकल्या, अन् शेजारी नळ्यांचं स्टँड होतं, त्याच्यावर बी टाकल्या. मी बघितलं. उरलेलं दही सर डब्यासकट घरी घेऊन गेले. डबा परत आला न्हाई. मी बी मागितला न्हाई, साहेबाला डबा कसा मागायचा?

दसऱ्यानंतर जे जे दही तपासलं त्याच्यात एकच जंतू निघाला. मुरुडच्या दह्यात तोच, नायगावच्या दह्यात तोच, जळकोटच्या बी. आमच्या हिचा!

सरांनी सगळ्यांना बोलावलं. "प्रयोगशाळेत दही-भाकरी कोण खातं?"

मी म्हणलो, "मी खातो. पण बाहेर, पायरीवर."

"म्हणजे तुमच्या हातानं घाण आत आली. तो नवीन जंतू-बिंतू काही नाही. पहिल्यापासून तुमच्या डब्याची घाणच मशीन वाचत होती."

मी म्हणलो, "सर, दसऱ्याच्या पूजेला ते दही..."

"मामा! देवाच्या पंचामृताला नावं ठेवता?"

 पंधरा माणसं माझ्याकडं बघत होती. नसरीन रडकुंडीला आली होती. म्हणली, "सर, मामीच्या वाटीची पहिली नळी दसऱ्याच्या आधीची है, लेबल बघा, तेवढी तरी राहू द्या."

"घाणीला लेबल लावलं म्हणून ती घाणच."

ऑटोक्लेव्ह म्हंजे आमच्या लॅबचा मोठा कुकर, त्याच्यात काही जित्तं राहत न्हाई. सरांनी सगळ्या नळ्या त्याच्यात घालायला सांगितल्या, अन् ते काम शिपायाचं. मीच घातल्या. तिच्या नावाची शेवटी घातली.

* * *

त्या दिवशी घरी आलो तो भडकलेलाच. हिनं ताट वाढलं, वाटीत दही. विचारलं, "काय झालं?"

म्हणलो, "तुझं दही खोटं निघालं. घाण हाय म्हणतात. तुझ्यापायी पंधरा माणसांत माझी अब्रू गेली."

"घाण?"

"हाव. घाण!"

तिनं वाटी उचलली अन् आत नेली.  त्या दिवसापासून माझ्या डब्यात दही आलं न्हाई. मी बी मागितलं न्हाई. मला वाटलं, राग शांत झाला की घालील.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. सुतकाचं घर, कोण दूध लावणार? तेराव्याला सुनेनं विरजणाचं भांडं राखेनं लख्ख घासून पालथं घातलं. चांगल्या मनानंच घासलं पोरीनं. तिला काय माहीत?

नसरीनच्या कॉम्प्युटरात तिची अक्षरं तेवढी राहिली होती. एकदा तिनं दाखवली बी, पडदा भरून. पण अक्षरांनी दूध विरजत न्हाई.

* * *

आता शेवटचा. ह्याच्यासाठीच नसरीननं वही दिली.

ती आता लातूरच्या कॉलेजात शिकवते. तिनं वर्गातल्या पोरींना सांगितलं, घरून चमचाभर विरजण आणा, लेबल लावून. महिनाभरानं मला फोन. "मामू, बसलेत का? बसा आधी. एका पोरीच्या नळीत मामीचं दही निघालं. दोन-चार अक्षरं बदललीत, बाकी सगळं तेच."

"लेबल काय हाय?"

 ती म्हणली, "हंगरगे सरांची नात."

त्याच दिवशी एसटी धरली. लातूरला पोचेपर्यंत सांज झाली. रिटायर झाल्यापासून सर तिथंच राहतात; दार सरांच्या बाईंनी उघडलं. साधी माणूस, लगबगीनं पाणी दिलं. मी दह्याचं विचारलं तर आत जाऊन डबा घेऊन आल्या. स्टीलचा. कडेला टोचून नाव घातलेलं: सौ. सुभद्रा गंगाधर.

"तुमच्याच घरचं आहे मामा! यांनी त्या दसऱ्याला आणलं. म्हणाले, असं दही दुसरीकडं मिळायचं नाही, मोडू देऊ नको. एक दिवस मोडू दिलं नाही मी!"

सर खुर्चीत बसले होते, पेपर तोंडापुढं. मी म्हणलो, "सर, चमचाभर विरजण द्या."

पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, मंग देवघराकडं बघितलं. तिथं निरांजन लावलेलं होतं.

"मामा," सर म्हणले, "दिवे लागले. आता विरजण देत नाहीत. सकाळी या."

मी नसरीनकडं मुक्काम केला. सकाळी उजाडताच गेलो. बाईंनी डबाच हातात दिला. म्हणल्या, "हे फिरायला गेलेत. आज चहा बी न घेता गेले, कुणास ठाऊक का."

मांडीवर धरून आणला. सांडू दिला न्हाई. आता रोज मीच दूध लावतो, बोट बुडवून कोमट बघतो, रोज भाकरीबरोबर खातो. तिच्या दह्याला घाण म्हणणारं तोंड माझं बी होतं, अन् माझी माफी ऐकायला ती न्हाई. पण घाण म्हणणारा दुसरा माणूस जित्ता हाय, त्याची माफी ऐकायला मी बी जित्ता हाय, अन् लातूरची एसटी रोज येते-जाते.

नसरीन, बिना लेबलचं ठेवू नको म्हणतीस ना? घे, ह्या किस्स्यावर सरांचं पुरं नाव लाव.

विश्वनाथ हंगरगे.