यादी माझ्या तोंडात

त्यानं यादी बोर्डावरून ओरबाडली, तिचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"खा. टाइप केलीस ना? आता खा."

एका हातानं जबडा धरलेला. डोकं मागच्या काचेवर आपटलं. कागदात एक टाचणी राहिली होती, ती हिरडीत घुसली. हे क्लबच्या बारसमोर, दुपारी चार वाजता. आत सातआठ मेंबर बसले होते. एकानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा ग्लास उचलला. वेटर ट्रे घेऊन होता तिथंच उभा राहिला.

मी काय केलं? गिळलं. रक्त गिळलं, थोडा कागदही गेला. वर "सॉरी सर" म्हणाले. तोंड भरलेलं, शब्द धड फुटत नव्हते, तरी म्हणाले. माराहून मला त्या सॉरीची लाज जास्त वाटते. अजून वाटते.

मग त्यानं माझ्या जातीचं नाव घेतलं. काय म्हणाला ते इथं लिहीत नाही, पोलिसांत शब्दन् शब्द लिहून दिलंय. तो मराठीच. शिव्याही शुद्ध मराठीत दिल्या.

उपनगरातला गोल्फ क्लब. तिथं मी फीच्या टेबलावर सात वर्षं होते. कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. राहायला घाटकोपरच्या डोंगरावर, वस्तीत. फी वरचेवर वाढायची. वाढली की मेंबर माझ्या टेबलाशी येऊन आधी बोंबलायचे, मग भरायचे. कशी भरायचे ते मी बघितलंय. कुणाचा चेक कंपनीचा असायचा, धंद्याच्या खर्चात दाखवलेला. कुणी बायकोच्या नावावरची ठेव मोडायचा आणि घरी फोन करू नका म्हणायचा. एकानं तर हसत सांगितलं, "ड्रायव्हरला म्हटलं, दोन महिने पगार विसर. गावाला गेला होतास असं समज." मीही हसले. पावती फाडून दिली. तो ड्रायव्हर जोगेश्वरीहून यायचा, गेटवर मला ताई म्हणायचा. तरी मी हसले.

कागद कोंबणाऱ्या या मेंबरनं गुपचूप हप्ते बांधून घेतले होते. त्यातले दोन चेक परत आले. क्लबचा जुना नियम असा, की फी थकली तर नाव काचेच्या बोर्डात लावायचं, बारच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. नियम कमिटीचा, आणि हा स्वतः त्या कमिटीत बसलेला. यादीवर सही सेक्रेटरीची. टाइप करून लावायचं काम माझं. बोर्डाची किल्लीही माझ्याकडे. त्या दुपारी यादी लावली आणि काच बंद करायच्या आतच तो आला.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. मग एक कागद पुढे सरकवला. 'माझ्या चुकीमुळे सन्माननीय सदस्यांचे नाव यादीत आले. त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागते.' खाली सहीला जागा.

"चेक परत आलेत सर. बँकेचा कागद फाइलला आहे."

"मला माहीत आहे गं. पण मोठे लोक आहेत. तू सही कर, पुढच्या महिन्यात पर्मनंट करतो. नाहीतर कंत्राट संपतंयच तुझं."

पर्मनंट हा शब्द ऐकायला मी सात वर्षं थांबले होते. उद्या देते म्हणाले आणि कागद घेऊन निघाले. खोटं कशाला बोलू, वाटेत मी सही करायचं ठरवलं होतं.

घरी अण्णा होते, माझे वडील. ते त्याच क्लबात गवत कापायचे. मी तिसरीत असताना एका मेंबरचा बॉल त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. तेव्हापासून आम्हाला एकच सांगत आले, "चूक माझीच. मीच मधे उभा होतो." मला टेबल मिळालं तेही त्या डोळ्यामुळेच, असं क्लबात सगळे म्हणायचे.

मी त्यांना कागद वाचून दाखवला. ते माझं सुजलेलं तोंड बघत राहिले. मग उठले, पेटीतून एक घडी केलेला कागद काढला. पिवळा पडलेला. क्लबनं दिलेली दुसरी प्रत, शिक्का आहे, कधी कामाला येईल म्हणून जपलेली. आजवर कुणाला दाखवली नव्हती.

'माझ्या चुकीमुळे मी चेंडूच्या मार्गात आलो. सन्माननीय सदस्यांचा दोष नाही. मी बिनशर्त माफी मागतो.' खाली निळा अंगठा.

"अण्णा, तुम्ही माफी मागितली होती?"

"दवाखान्याच्या खर्चाचा कागद म्हणाले. चूक तुझी म्हणाले, मी हो म्हटलं. मला वाचता येत नव्हतं." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाले, "तुला येतं ना?"

मला त्यांचाही राग आला. इतकी वर्षं एक डोळा मिटून ते त्या मेंबरची बाजू घेत होते. आणि मी सुशिक्षित, बी.कॉम., तोच कागद पर्समध्ये घालून आणला होता.

सकाळी मी यादी पुन्हा छापली. फाइलमध्ये सेक्रेटरीच्या सहीची प्रत होतीच. चार टाचण्यांनी लावली. काच लावून घेत होते तेवढ्यात तो आला.

"पुन्हा?"

"चेक पुन्हा परत आला नाही सर. पहिलेच दोन आहेत."

त्याचा हात कालच्यासारखाच जबड्याकडे आला. या वेळी तोंड मीच उघडलं. त्याची दोन बोटं दातांत धरली आणि हाडाला लागेपर्यंत दाबली. तो आईला हाका मारू लागला. त्याचं रक्त माझ्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं. बारमधले सगळे मेंबर या वेळी उठून धावले, त्याला सोडवायला. कुणी केस ओढले, कुणी पाठीत बुक्का घातला. मला वाटलं तेव्हाच सोडलं. थुंकले, तेही त्यांच्या गालिच्यावर.

पोलीस ठाण्यात त्याची तक्रार आधी लिहून घेतली. मला चार तास बाकावर बसवलं. "मॅडम, मिटवून टाका ना." मी उठले नाही. शेवटी माझीही लिहिली. नोकरी त्याच दिवशी गेली. वेटर म्हणाला, माझं नाव घेऊ नकोस हां. घेतलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरीचा निरोप आला. दोघांच्याही केस मागे घेऊ, तू फक्त लेखी माफी दे. निरोपासोबत कागद होताच, टाइप केलेला. मी अण्णांसमोर तो फाडला. आमच्या घरातून असा कागद एकदाच गेलाय, दुसरा जाणार नाही.

तारखा पडतील. प्रत्येक तारखेला मी जाणार. न्यायाधीशांनी विचारलं तर सांगणार, हो, मी चावले. त्यानं पुन्हा हात घातला तर पुन्हा चावेन.