कापलेलं कडवं

त्या प्रकरणातलं गाणं मला अजून तोंडपाठ आहे. परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातून एक कादंबरी 'मुलांनी वाचण्यासारखी नाही' म्हणून काढून टाकली. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ते गाणं गुणगुणत होते. आजोबा हसले, कारण त्यांना ते प्रकरण माहीत आहे. तुम्हा नातवंडांना आता लिहून कळवते. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. ती नोकरीत लागलेली सवय आहे.

निवृत्तीपूर्वी मी चंद्रपूर जिल्ह्यात, वैनगंगेकडच्या एका तालुक्यात ठाणेदार होते. तिकडे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदारच म्हणतात, मग तो पुरुष असो की बाई. मुलूख धानाचा आणि जंगलाचा. उन्हाळ्यात आमच्याकडे येणारी कामंही ठरलेली असत: विडीचा तेंदूपत्ता गोळा करतात त्या फडावरची भांडणं, वाघाने गाय मारली म्हणून अडवलेला रस्ता, वरातीत नाचण्यावरून झालेली मारामारी.

अशाच एका सकाळी हजेरी आटोपत होती, तेव्हा एका गावचे चार पुरुष ठाण्यात आले. पुढे होते ते त्या गावातल्या भातगिरणीचे मालक. त्यांना सगळे गिरणीवाले भाऊ म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, मिशी मात्र काळीभोर. गावात त्यांनी 'संस्कार समिती' नावाची एक समिती काढली होती आणि तिचे अध्यक्षही तेच होते. त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. गावातल्या एका लग्नाच्या मांडवात बसलेल्या बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. चावट गाणी. फीत दीड-दोन मिनिटांची, आणि तालुकाभर फिरलेली.

"गावाची इज्जत गेली, मॅडम," भाऊ म्हणाले. "मी तं त्या दिवशी गावातच नव्हतो. नागपूरले गेलो होतो, गिरणीची जळलेली मोटर भरून आनाले. मोबाइलवर आलं तवा कळलं. त्या मोठीबाईवर केस झालीच पाहिजे."

मोठीबाई म्हणजे त्या फितीत पुढे बसून गाणं सांगणारी बाई. विधवा, दोन एकर धानाची शेती, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायकांची पुढारी. गावातलं कोणतंही लग्न असो, गाणी तिच्याच तोंडून सुरू व्हायची. समितीने पोलिसांची वाट न पाहता तिला शिक्षा देऊनही टाकली होती. तिच्या दारी कोणी जायचं नाही, गिरणीवर तिचं धान घ्यायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, पुढच्याच आठवड्यात तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं आणि त्या लग्नाला गावातलं कोणी जायचं नाही, असं ठरलं होतं. नवरदेवाकडचे लोक सावली तालुक्यातले. मुलाच्या बापाने निरोप पाठवला होता, "केस लागली तं सोयरीक मोडली समजा."

म्हणजे माझ्या एका सहीवर एका मुलीचं लग्न अडलं होतं.

तिकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. हळदीच्या दुपारी मांडव बायकांचा असतो. पुरुषांना बाहेर काढतात, म्हाताऱ्यांनासुद्धा. मग नवरीकडच्या बायका नवरदेवाकडच्या एकेका नातेवाइकावर कडवं रचून त्याची टर उडवतात. आधी विहीण, मग व्याही, मग मामा, आत्या, जावई. नाव कोणाचंच घ्यायचं नाही, फक्त खुणेनं सांगायचं. जिच्यावर गाणं होतं तिनं हसायचं आणि उत्तर द्यायचं. बायकांना वर्षभर जे बोलता येत नाही ते त्या दुपारी बोलता येतं: नवरा, खाट, रात्र, सगळं.

हवालदारांनी फिर्याद लिहून माझ्यासमोर ठेवली. 'सदर महिलेने सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्दांत गाणे म्हटले.'

"कोणते शब्द?" मी विचारलं.

हवालदार पंख्याकडे बघू लागले. "मॅडम, लिव्हण्यासारखे नाईत."

"मग न्यायाधीशांनी काय वाचायचं?"

"ते समजून घेतात जी."

"न्यायाधीश समजून घेत नाहीत, वाचतात. शब्द नसतील तर फिर्याद उभी राहत नाही."

तरीही ते लिहिनात. तीन बायकांचे जबाब त्यांनी घेतले, त्यातही तेच: 'अश्लील शब्द', 'अश्लील शब्द'. बायकांना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून मान फिरवायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने एक बाई ठाण्यात आली. अंगाने भारदस्त, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. ती कोरपन्याकडच्या कापसाच्या गावची. ज्या लग्नातली ती फीत होती, त्या लग्नातली नवरदेवाची आई. म्हणजे गाण्यातली विहीण तीच.

"ठाणेदार कोन हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, मीच. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खुर्ची ओढून बसली. "बरं झालं, बाई हाये. मले तक्रार कराची हाये."

"गाण्याची?"

"गान्याची कायले? गानं कापल्याची. पाच कडवे म्हनले मायावर, पाच. मोबाइलात दोनच. माया गावात बाया इचारतात, येवढ्याचसाठी गेली होती का वो लगनाले?"

ठाणे अंमलदार मान खाली घालून डायरी लिहीत होते. त्यांचे खांदे हलत होते.

"तुमचा अपमान झाला, असं फिर्यादीत लिहिलं आहे," मी म्हणाले.

"त्या लिवनाऱ्यानं मले इचारलं काय? गाने म्हनले नसते तं मी रुसली असती, जेवली नसती. आन दुसरं सांगतो मॅडम, मामाच्या मांगून एक कडवं होतं. ते कोनावर होतं मले नाई कळलं, आमच्याकडचं नव्हतं कोनी. पन साऱ्या बाया मांग पाहून पाहून म्हनून राह्यल्या होत्या आन हासून राह्यल्या होत्या. ते कडवं मोबाइलात काऊन नाई?"

मी फीत पुन्हा लावली, या वेळी कान देऊन. दोन गोष्टी लक्षात आल्या. मामाचं कडवं संपतं आणि चित्र एकदम उडी मारून आत्यावर येतं. आणि गाण्याच्या वर सतत एक घरघर ऐकू येते. कूलरची. म्हणजे फीत घेणारा मांडवात बसलेला नव्हता. तो कूलरच्या मागे उभा होता. मांडवातली बाई कशाला कूलरमागे उभी राहील?

संध्याकाळी मी मोठीबाईला आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या चौघींना बोलावलं. पुरुषांना बाहेर आवारात बसवलं, दोन महिला शिपाई दाराशी. "पूर्ण गाणं म्हणा," मी सांगितलं. "जसं त्या दिवशी म्हटलंत तसं."

 मोठीबाईने आधी विचारलं, "मॅडम, तुमी लिवान तं जसंच्या तसं लिवान नं? का हवालदारावानी?"

"जसंच्या तसं. स्वतःच्या हाताने."

"मंग घ्या."

तिने टाळी धरली. पहिली दोन कडवी दबक्या आवाजात झाली, तिसऱ्याला दाराशी उभ्या शिपाई मुली हसू लागल्या, आणि मग आवाज चढला. व्याह्याचं कडवं असं होतं:

'व्याही आमचा मोठा वो, बैल हाकाले धजते,
बायकोनं हाक मारली तं, खाट घेऊन पळते.'

मामाचं झालं. मोठीबाईने सोबतिणींकडे पाहिलं आणि कापलेलं कडवं म्हटलं:

'कूलरच्या मांगं कोन वो, मिशी काळी करून,
बायको घरी वाट पाह्यते, उशी उराशी धरून.
याच्या गिरणीचा पट्टा वो, कवाचा झाला ढिला,
लोकाइची चूल पाहून, हात शेकून गेला.'

मी लिहून घेतलं. "हा कोण?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि जबाबात येणं यात फरक असतो.

"गान्यात नाव घ्याची चाल नाई, मॅडम," मोठीबाई म्हणाली.

"गाण्यात नको, जबाबात घ्या."

दुसरी एक बाई हळूच म्हणाली, "आमाले धान त्याच्याच गिरणीवर न्या लागते."

मी त्यांच्यावर जोर केला नाही. साक्षीदार घाबरून बोलला तर न्यायालयात फिरतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. ज्याचं कडवं होतं त्यालाच बोलतं करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्या भाऊंना मी पूरक जबाबासाठी बोलावलं. फिर्यादी म्हणून, मानाने. चहा मागवला. हवालदार लिहायला बसले.

"भाऊ, तुमची केस कच्ची आहे," मी म्हणाले. "शब्द नाहीत तिच्यात. कोणत्या शब्दांनी तुमच्या भावना दुखावल्या, ते सांगा."

"बाईमानसासमोर कसं सांगू?"

"समोर ठाणेदार बसली आहे. सांगा."

 त्यांनी विहिणीचं अर्धं कडवं कसंबसं म्हटलं. मी हसून हात झटकला. "हे तर प्रत्येक लग्नात म्हणतात. माझ्यासमोर काल खुद्द विहीण सांगून गेली, तिला आवडलं म्हणून. एवढ्यावर मी एका विधवेवर गुन्हा दाखल करू? वरिष्ठ मला विचारतील."

"येवढंच काय?" भाऊंचा आवाज चढला. "विहीण काय, व्याही काय, ते जाऊ द्या. पन गिरणीचा पट्टा ढिला झाला म्हन्ते, लोकाइची चूल पाहून हात शेकते म्हन्ते, हे सभ्य बाईचं बोलनं हाये काय?"

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांना आदल्या संध्याकाळचं काही माहीत नव्हतं, पण फीत त्यांनी अनेकदा पाहिली होती.

"भाऊ," ते सावकाश म्हणाले, "हे तं मोबाइलात नाई."

मी फीत लावली. सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिली. "दाखवा, कुठे आहे."

"कोनी तरी सांगतलं."

"कोणी?"

"गावात बोलून राह्यले होते."

"एक नाव सांगा. आत्ता बोलावते."

त्यांनी रुमालाने ओठांवरचा घाम पुसला. मिशीच्या काळ्या रंगाचा डाग रुमालावर उतरला. ज्या कडव्याने ते जळत होते, तेच त्यांनी स्वतः कापलं होतं आणि तेच त्यांच्या तोंडून आलं होतं. बायका ते बाहेर कोणाला सांगत नव्हत्या; त्या दिवशी नागपूरला होतो म्हणणाऱ्या भाऊंना ते मांडवात हजर असल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

मी दोन पंच बोलावले. त्यांच्यासमोर मोबाइल जप्त केला. पूर्ण फीत त्यातच होती. माणूस आपली चोरी पुसून टाकायलाही कधी कधी राजी नसतो, पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. मामाचं कडवं संपतं, मग मोठीबाईची नजर थेट कॅमेऱ्यावर येते. ती हळदीचा हात उंच करून त्या दिशेने दाखवते, सगळ्या बायका वळतात आणि 'कूलरच्या मांगं कोन वो' सुरू होतं. चौथ्या ओळीला चित्र हलतं, जमीन दिसते, आणि धोतराच्या सोग्याखाली पळणाऱ्या भाऊंच्याच चपला.

एक पंच खोकला. खोकला नव्हता तो.

"मॅडम," भाऊ अगदी हळू म्हणाले, "जे कराचं ते करा. पन हे कडवं पंचनाम्यात नका लिवू. लोक वाचतीन."

"लिहा, हवालदार," मी म्हणाले. "कूलरच्या मांगं कोन वो. स्वल्पविराम. मिशी काळी करून."

या वेळी हवालदारांनी एक अक्षरही गाळलं नाही. अक्षर त्यांचं मुळातच सुंदर होतं.

पुढे सगळं सरळ झालं. फीत पहिल्यांदा पसरवणारा क्रमांकही त्यांच्याकडच्याच दुसऱ्या सिमचा निघाला. बायकांचं चोरून केलेलं चित्रण पसरवल्याबद्दल त्यांच्यावर, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात जो कायदा आहे त्याखाली समितीच्या चौघांवर गुन्हा दाखल झाला. आता बायका साक्षीला आपणहून आल्या. मोठीबाईविरुद्धची फिर्याद टिकलीच नाही. मांडव बायकांचा होता, आणि त्रास झाला का या प्रश्नावर विहिणीने जबाब दिला, "झाला नं जी. हासून हासून पोट दुखलं." तोही जसाच्या तसा नोंदवला. सावलीच्या व्याह्यांना मी स्वतः फोन केला. "केस आहे," म्हटलं, "पण तुमच्या विहिणीवर नाही. तिच्या बाजूने आहे." खटल्यात चौघांनी गुन्हा कबूल केला आणि समिती गेली.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते नंतर प्रत्येक ठाण्यात उपयोगी पडलं. जबाबात 'अश्लील शब्द' असं आलं की मी तिथे थांबायचे आणि नेमके शब्द लिहायला लावायचे. छेडछाडीच्या, धमकीच्या कितीतरी प्रकरणांत खरा पुरावा त्या न लिहिलेल्या शब्दांतच सापडला. आणि दुसरं: त्या माणसाला चोरून पाहण्यात काही गैर वाटलं नव्हतं. पाहिल्याचं बायकांनी मोठ्याने म्हटलं, ते त्याला खपलं नाही. बायकांनी कशावर हसावं हे ठरवायची ज्यांना घाई असते, त्यांना बहुधा त्या हसण्यात स्वतःचा चेहरा दिसलेला असतो. तुम्हाला कोणी सांगितलं की अमुक वाचू नका, बोलू नका, तर रागावू नका. 'नेमकं काय?' एवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

मोठीबाईच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. मी हळदीला गेले तेव्हा मांडवात बसायला जागा नव्हती. शेजारच्या दोन गावांतूनही बायका आल्या होत्या. कूलरमागे एक महिला शिपाई मुद्दाम खुर्ची टाकून बसली होती. मोठीबाईनेच टाळी धरली. विहीण झाली, व्याही झाले, मामा झाले. मग मोठीबाईने हळदीचा हात माझ्याकडे केला. मी हसायचं आणि ऐकायचं, रीतच ती. आजोबांनी 'हे नको लिहूस' असं दोनदा सांगितलं आहे, पण मी पूर्ण लिहिते आहे:

'ठाणेदारीन बाईचा वो, साऱ्या जिल्ह्याले धाक,
घरधन्यानं खाकरलं तं, लाल होते नाक.
दिवसा घालते बेडी वो, चोराचिलटाच्या हाती,
रातच्यानं किल्ली तिची, धन्याच्या उशाखालती.'