अ‍ॅम्प्लिफायरचा कौल

अक्काचं लग्न मी लावलं. मंत्र भटजींनी म्हटले, कन्यादान अण्णांनी केलं, पण लावलं ते मी. गिटारच्या सर्वांत जाड तारेने. ही गोष्ट सोळा वर्षं मी कुणालाही सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात होसकोट्याला, तिच्या सासरी, जाऊन ती अक्काला सांगितली, आणि आता तिला सांगून झालंच आहे तर इतरांपासून लपवण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, एका कचेरीत कारकून. कन्नड मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरात, बाजारामागच्या गल्लीत आम्ही तिघं राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील, अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तलवारी घेऊन घोड्यांवरून या मुलखात आले, असं अण्णा येईल त्याला सांगत. त्यांच्या वंशजांना मात्र सायकल घ्यायची झाली तरी देवीची परवानगी लागे. देवघरातल्या फळीवर देवी होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची दोन फुलं ओली करून चिकटवायची, प्रश्न विचारायचा, घंटा वाजवायची आणि हात जोडून बसायचं. देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल आधी पडलं तर होकार, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नकार. हा आमच्या घरचा कौल. अण्णांनी शिवणयंत्राचा कौल लावला होता, भोपळ्याच्या वेलाचा लावला होता. एकदा घरात शिरलेलं मांजर ठेवायचं का, याचाही लावला होता. देवीने नकार दिला, आणि मांजर तरीही नऊ वर्षं राहिलं.

मी हवाईयन गिटार वाजवायचो. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. आवाजासाठी माझ्याकडे एक डबा होता, शिवाजीनगरातल्या एका रेडिओवाल्याने जुन्या रेडिओच्या पोटातलं सामान काढून जोडून दिलेला. त्यातून माझी गिटार शेजारच्या घरात कुणीतरी वाजवतंय अशी ऐकू यायची. मला तेच बरं वाटायचं.

मला शिकवायचे ते मास्तर कंटोन्मेंटमधल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये होते. ते आता घरदार आवरून जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाले होते. त्यांचा विलायती अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे बँडवाल्यांमध्ये दंतकथा. तसा दुसरा गावात नव्हता. मास्तर इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत लिहितो.

"हा मी कुणालाही देणार नाही," ते म्हणाले. "आठ दिवस घरी ने. तुझ्या हाताला जमतो का बघ. नाही जमला तर तोंडावर सांग, म्हणजे जहाजावर चढण्याआधी मी दुसरा हात शोधेन."

"जमेल की मास्तर."

"तुझी खोड माहीत आहे ना तुला? तू तार छेडतोस आणि लगेच तिची माफी मागतोस. हा माफी मागू देत नाही."

अ‍ॅम्प्लिफायर जटक्यातून, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यातून, आला. ट्रंकेएवढा, तपकिरी कापडाने मढवलेला, वर चामड्याचा दांडा. अण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हा काय खातो?"

"करंट, अण्णा."

"किती?"

"स्वल्प."

"अंगाकडे बघून तसं वाटत नाही," अण्णा म्हणाले. "शुक्रवारी देवीला विचारू."

घरात रेडिओसाठी घेतलेला एकच प्लग होता, बाहेरच्या खोलीत, देवघराच्या भिंतीवर. तिथेच स्टुलावर मी तो ठेवला. वॉल्व्ह तापायला मिनिटभर लागायचं, मग तो गुणगुणायला लागायचा, जेवण झालेल्या माणसासारखा.

आता माझी वाजवण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिच्यात आहे. सूर उठला की मी तळहाताची कड हळूच तारेवर टेकवून तो मिटवायचो. कचेरीत साहेबांच्या खोलीचं दार जसं ओढून घ्यायचो, तसं. आवाजाचं बटण दोनवर ठेवलं तर अ‍ॅम्प्लिफायर घशात कफ झाल्यासारखा बोलायचा. सहाच्या पुढे नेलं की खुलायचा, सूर खोलीत उभा राहायचा, कडेला किंचित फाटलेला आणि त्यामुळेच सुंदर. मग मी सवयीने तळहात टेकवायचो, आणि त्या टेकण्याचाच 'धप्प' असा आवाज गल्लीभर जायचा. जी गोष्ट मी जन्मभर लपवत आलो होतो, नेमकी तीच तो मोठी करून सांगत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या बाईने अक्काला विचारलं, "तुमच्याकडे कोणी दार आपटतंय का?"

म्हणजे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं की तो माझ्या हाताचा नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. पण मला तो हवा होता. ज्याच्या घरात असा अ‍ॅम्प्लिफायर आहे, तो माणूस मला व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी अण्णा बाहेर गेले होते आणि अक्का टायपिंगच्या क्लासला. वाजवून झाल्यावर देवघरात डोकावलो तर देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल खाली. परत लावलं, बाहेर येऊन जाड तार छेडली, जाऊन पाहिलं. खाली. सात वेळा लावलं, सात वेळा उजवंच पडलं. फळीखाली हात घालून चाचपलं. दोन लोखंडी ब्रॅकेटांपैकी देवीच्या उजवीकडचं सैल होतं. जाड तार बोलली की फळीची तेवढीच बाजू थरथरायची. देवी माझ्या गिटारला फक्त होकारच देऊ शकत होती.

मी अण्णांना म्हटलं, "ज्याचा कौल लावायचा ते देवीसमोर नको का? मुलगी दाखवताना तिला दोन शब्द बोलायला लावतातच की. तुमची घंटा वाजली की हाही एक सूर बोलेल."

अण्णांनी बराच विचार केला. "सरी, चालेल. पण बेसूर नको."

शुक्रवारी सकाळी अण्णा आणि अक्का देवघरात गेले. मी बाहेर, भिंतीशी, गिटार मांडीवर घेऊन. अ‍ॅम्प्लिफायरच्या गुणगुणीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. घंटा वाजली. फूल नाहीच पडलं तर, या धास्तीने मी बटण थेट दहावर नेलं आणि जाड तार छेडली. तळहात टेकवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा सूर त्याला वाटेल तितका वेळ राहू दिला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं, भांड्यांच्या फळीवर पेले एकमेकांना लागले, बाहेर कुणाचा तरी कुत्रा रडायला लागला. अ‍ॅम्प्लिफायर जसा वाजायला हवा होता तसा माझ्या हातून तेवढाच एकदा वाजला.

"उजवी! उजवी दिली!" अण्णा ओरडत बाहेर आले आणि त्यांनी माझ्या तोंडात साखरेची चिमूट कोंबली.

"म्हणजे ठेवायचा?"

"कुणाला?"

"अ‍ॅम्प्लिफायर."

"अरे गाढवा, अक्काचं विचारलं! होसकोट्याचं स्थळ! काल तू बाहेर असताना मध्यस्थ येऊन गेले. म्हटलं, देवी सजलीच आहे तर आधी पोरीचं विचारावं, मग डब्याचं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि सूर काय वेळेवर वाजवलास! शंखच जणू."

साखर अजून तोंडात होती. ती विरघळेपर्यंत बोललो असतो तरी सगळं थांबलं असतं. देवघराच्या दारात अक्का गंधाची वाटी हातात घेऊन उभी होती आणि खाली पडलेल्या फुलाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, लाजली. मी साखर गिळली.

मग अण्णांनी नवी फुलं लावून अ‍ॅम्प्लिफायरचा कौल लावला. घंटा वाजली. मी वाजवलं नाही. वाजवायला हात उठेना. दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. अण्णा दुपारच्या जेवणापर्यंत हात जोडून बसले, मग जेवून आले आणि पुन्हा बसले. संध्याकाळी गुडघे चोळत उठले आणि म्हणाले, "देवीला विजेचं फारसं कळत नसावं."

मी अ‍ॅम्प्लिफायर जटक्यात घालून परत नेला.

"जमला?" मास्तरांनी विचारलं.

"घरचे नको म्हणाले."

"मी घरच्यांच्या हाताबद्दल विचारलं नव्हतं," ते म्हणाले. आणि दार लावून घेतलं. जोरात.

अक्का लग्न होऊन होसकोट्याला गेली. भावोजी तिथल्या शाळेत गणित शिकवत. माणूस चांगला. फक्त घराला कुलूप लावून तीनदा परत येऊन ओढून बघायचे, आणि जेवताना मचमच करायचे. दर सणाला मी त्यांच्या पंगतीला बसायचो, आणि त्यांच्या प्रत्येक मचमचीला मला वाटायचं, हे अक्काच्या पानात मी वाढलंय. तिने टायपिंगचं नाव पुन्हा काढलं नाही. तिला विचारावं, तू सुखात आहेस का, असं दर वेळी ठरवून जायचो आणि लोणच्याचं विचारून परत यायचो. गिटार पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या महिन्यात घराची दुरुस्ती काढली. सुताराने देवघरातली फळी उतरवली, तर उजवं ब्रॅकेट त्याच्या हातातच आलं. "हे तर पूर्वीपासूनच सैल आहे, सार," तो म्हणाला. "देवी इतकी वर्षं टिकली कशी?" मी ते ब्रॅकेट खिशात घातलं आणि होसकोट्याची बस पकडली.

अक्का ओसरीवर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी ब्रॅकेट तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, सैल फळी, सात फुलं, दहावर नेलेलं बटण, साखर. ती सोलत राहिली. माझं सांगून झालं तेव्हा तिचे हात थांबले.

"उजव्या फुलाला मी गंधाचा गोळा लावला होता," ती म्हणाली.

"काय?"

"घट्ट. पडूच नये म्हणून. डाव्याला नुसतं पाणी, फुंकलं तरी पडेल असं. मला इथे यायचं नव्हतं रे. कंटोन्मेंटमधल्या शाळेत टायपिस्टची जागा मिळत होती. अण्णांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं देवीकडूनच वदवून घेऊ."

"आणि तरी..."

"आणि तरी उजवं पडलं. गोळ्यासकट. माझ्या डोळ्यांदेखत." तिने ब्रॅकेट उचलून उलटंसुलटं केलं. "मला वाटलं, मी देवीला फसवायला गेले आणि तिने माझा हात धरला. मग कसला हट्ट? सोळा वर्षांत कितीदा पेटी भरली. दर वेळी ते फूल आठवायचं आणि पेटी परत रिकामी करायची. म्हणायची, देवीनेच घातलंय इथे, तिला काहीतरी दिसलं असेल."

ही शक्यता सोळा वर्षांत माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मला वाटत होतं मी तिचं लग्न लावलं, एवढाच माझा गुन्हा. तिच्या मनाला ज्याचा आधार होता तो मी आत्ता, सकाळच्या बसने येऊन, काढून घेतला होता.

तेवढ्यात भावोजी बाहेर आले. "हे लोखंड कसलं?"

मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "माहेरच्या देवीच्या फळीचं."

"म्हणजे जिने आपल्याला कौल दिला ती?"

"तीच."

भावोजींनी चपला काढल्या, ब्रॅकेट दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांना लावलं आणि आत देवघरात नेलं. ते त्याला हळद वाहत असल्याचं आम्हाला ओसरीवरून दिसत होतं. मग एक फूल. ते त्यावर राहीना, दोनदा खाली पडलं, तरी त्यांनी तिसऱ्यांदा ठेवलं.

अक्काने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि तिलाही नीट कळत असेल असं वाटलं नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

"आता देव्हाऱ्यात रोज त्याच्या पाया पडायचं मी," ती म्हणाली. "ह्यांना काही सांगू नकोस. निदान एकाला तरी राहू दे." मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "आणि तो डबा? तो तरी तुला जमत होता का?"

"नाही."

"कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्याच दिवशी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. नंतर तिने मला दोन कन्नड शिव्या दिल्या. त्या तिला येतात हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं.

"माफी मागू नकोस," ती म्हणाली आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "सोल."