काकूचा कापलेला शॉट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चप्पल कुठं तुटली इथपासून सगळं सांगतो. तुम्हाला सांगवतंय, कारण तुम्ही माझा पिच्चर पाहिलेला नाही. पाहिला असता तर मघाशीच उठून गेला असता.

हो, मी एक पिच्चर काढला होता. चाळीस मिनिटांचा. लिहिला मी, दिग्दर्शक मी, आणि मुख्य कामही माझंच. दुसरं कोण करणार? आमच्या घरी लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की हाक येते, "भास्कर, गोष्ट सांग." घरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणून कुणी दिग्दर्शक होत नसतं — हे मला वेळेवर कुणी का सांगितलं नाही? सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

गोष्ट आमच्याच आज्याची. आमचं घराणं मेंढरं राखणारं. दुष्काळाच्या साली आजा कळप घेऊन लांब चाऱ्याला गेला, वाटेत रोग पडला, सगळी मेंढरं गेली आणि तो पायी घरी आला. एवढीच गोष्ट. एवढी बिघडवायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

नेकनूरच्या मंगल कार्यालयात भर दुपारी खिडक्यांना ताडपत्र्या बांधून आम्ही तो दाखवला. निम्म्यात बाप्ये चहाला म्हणून बाहेर गेले, ते बाहेरच राहिले. एक पाहुणे घोरत होते. माझी सख्खी बहीण म्हणाली, "दादा, चांगला हाय, पण लई लांबला." चाळीस मिनिटं — आणि लांबला!

तेव्हापासून मी काय काय सांगत आलो? ताडपत्रीतून ऊन येत होतं. आवाजाची पेटी फाटकी होती. मेंढरं कॅमेऱ्याकडं बघत होती. मेंढरांवर ढकललं हो मी! जी बोलू शकत नाहीत त्यांच्यावर.

खरं सांगू? ड्रोन उडाला की मेंढरं उधळायची, तरी मला ड्रोनच हवा होता. त्यामुळं कळप मरायच्या गोष्टीत कळप दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावरून पळून गेला. लोकांना वाटलं, संपली गोष्ट. माझ्या खांद्यावर घोंगडी नवी कोरी, घडीच्या रेघांसकट. प्रत्येक प्रसंगामागं बासरी. आणि शेवटी टेकडीवर उभं राहून आभाळाकडं बघत सहा मिनिटांचं भाषण. आमचा आजा जन्मात सलग सहा मिनिटं बोललेला नव्हता. हे सगळं मीच ठरवलं. कुणी बंदूक लावली होती का?

पण हा झाला मूर्खपणा. यावर हसता येतं. बघा, तुम्हालाही हसवायला लागलो — अवघड आलं की मी हेच करतो.

जे सांगायचंय ते गयाकाकूचं आहे.

गयाकाकू माझी चुलती. घरात अजून मेंढरं राखणारी तीच एकटी. तिला आजीचं काम दिलं ते तरी कशासाठी? तिच्याशिवाय मेंढरं जागेवर थांबत नव्हती म्हणून. प्रसंग असा की निरोप्या येतो, कळप गेल्याचं सांगतो आणि आजी ऊर बडवून रडते. मी ग्लिसरीनची बाटली घेऊन उभा. काकूनं बाटलीकडं पाहिलं.

"कावून रडायचं? रडायला येळ कुठं हाय तिला?"

"काकू, पिच्चर आहे. रडावं लागतं."

"बरं बाबा."

त्या दिवशी खरोखरच एक पहिलटकर मेंढी आपल्या कोकराला जवळ येऊ देत नव्हती. अशा वेळी कोकराच्या अंगाला मीठ चोळतात. मेंढी मिठासाठी चाटायला लागते, आणि चाटता चाटता ते पोर तिचं होतं. काकू तेच करत बसली होती. माझा मावसभाऊ दत्ता लग्नांचं शूटिंग करतो, त्यानं कॅमेरा चालू केला. निरोप्या म्हणजे आमचे मेहुणे. त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं — कळप गेला, म्हातारा एकटा चालत येतोय.

काकूचा हात थांबला. मग पुन्हा मीठ चोळायला लागला. रडणं नाही, काही नाही. मान वर न करता तिनं विचारलं,

"कुत्रं हाय का संगं?"

एवढंच. हे मी लिहिलेलं नव्हतं. मेहुण्यांना पुढं वाक्यच नव्हतं, त्यांनी नुसती मान हलवली. मेंढी खाली वाकून कोकराला चाटायला लागली. दत्तानं किती तरी वेळ कॅमेरा खाली घेतला नाही.

मला त्याच क्षणी कळलं की पिच्चर झाला. आणि हेही कळलं की आता माझ्याकडं कुणी बघणार नाही. यातलं आधी कोणतं कळलं? पहिलं, असं म्हणायला मला आवडेल.

एडिटिंगला बसलो तेव्हा तो शॉट मी काढून टाकला. दत्ता म्हणाला, "खुळा झाला का बे? हाच तर पिच्चर हाय." मी म्हणालो, वेग मंदावतो. वेग! आणि त्या जागी टेकडीवरचं भाषण लांबवलं. पुढं डिस्क भरली, ड्रोनच्या शॉटना जागा पाहिजे होती — तेव्हा मी तो शॉट माझ्या हातानं पुसला.

कार्यालयात काकू सुनेची ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पिच्चर संपल्यावर जवळ आली, हळूच म्हणाली, "माजं कावून न्हाई दिसलं रं?"

इथं खरं बोलता आलं असतं ना? काकू, मी कापलं. तीन शब्द. मी म्हणालो, "तुझं जरा बिघडलं होतं काकू. रडायचं होतं ना, तू रडलीच नाहीस."

"मी म्हनलंच व्हतं, आपल्याला न्हाई जमायचं," ती म्हणाली. आणि वर माझीच समजूत घातली — "तू नगं वाईट वाटून घिऊ."

इथं संपलं असतं तरी एक वेळ.

पण त्यानंतर मी आज्याची गोष्ट तोंडी सांगायला लागलो, आणि तिच्यात ते वाक्य घातलं. "आजीनं विचारलं, कुत्रं हाय का संगं?" माणसं तिथंच गप्प होतात. भाचे म्हणतात, मामा, यावर पिच्चर काढा की!

परवा बारशाला काकू समोरच होती, बाळ मांडीवर घेऊन. गोष्ट सांगायला लागलो, अर्ध्यात ध्यानात आलं की ते वाक्य आता तिच्यासमोरच येणार. थांबलो का? नाही. वाक्य आलं, मी आवाज खाली नेला. काकूनं पदरानं डोळे पुसले. ते शब्द आपलेच आहेत, हे तिच्या ध्यानात होतं की नाही, मी विचारलेलं नाही.

ती सुनेला म्हणाली, "बघ, असं सांगावं लागतं. मला बाई कॅमेऱ्याफुडं आलंच न्हाई ते."

मग टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.