उंबरखेडीतला हवेचा धडा

गुरुवार, ९ फेब्रुवारी १९५६. धुळे, सकाळचे सहा. हजर: मी, धुळ्याच्या अध्यापन शाळेतले सुतारकामाचे शिक्षक बागूल गुरुजी, आणि एक लाकडी पेटी. पेटीला हजेरीत धरले, कारण प्रवास तिच्यासाठीच होता. आत एकतीस वस्तू होत्या. काचनळ्या, चंबू, लोहचुंबक, भिंगे आणि सर्वांत नाजूक म्हणजे काचेचा छोटा पंप. खानदेशातल्या शाळांतून विज्ञानाचे धडे करून दाखवायला मी ती पुण्याहून आणली होती. धुळ्याचे धडे आटोपले होते. शेवटचा मुक्काम रावेरकडच्या उंबरखेडीत.

उंबरखेडीला जायचे कारण सुभद्राक्कांचे पत्र. त्या तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवतात. यंदा सातवीत पाच मुली आहेत. मुलगे पुढे आगगाडीने रावेरला शिकायला जातात, मुलींना कोणी पाठवत नाही. गावातच आठवी उघडायची परवानगी मिळेल, पण विज्ञानासाठी वेगळी खोली दाखवावी लागेल, आणि अर्ज महिनाअखेर जळगावला पोचला पाहिजे. गावात तशी खोली एकच, तिथले मोठे बागायतदार आबा यांची केळीची वखार. आबा ती देत नव्हते. "तुम्ही येऊन आबांना काही दाखवाल तर या," असे अक्कांनी लिहिले होते.

एस.टी. पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचली तेव्हा ऊन चढले होते. डाळीच्या गिरण्यांचा कोरडा, गोडसर वास रस्ताभर होता. सराफ बाजाराजवळ भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) जेवलो. भरताची वांगी हिरवी आणि तळहाताहून मोठी. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले, गुरुजींनी चौथ्यांदा.

काचेची काळजी गुरुजींनाच जास्त. भुसावळला गाडी बदलायची, तिथे आपटाआपट होणार, म्हणून त्यांनी जळगावातच पेटीला केळीची वाळकी पाने गुंडाळली आणि वर केळीच्या सोपटाची (खोडाच्या सालीची) दोरी आवळली. काम इतके नीटनेटके झाले की मीही तारीफ केली. भुसावळ निर्विघ्न पार पडले. उंबरखेडीच्या स्टेशनावर उतरलो, पेटी फलाटावर ठेवली, आणि बैलगाडी आली का ते पाहायला दोघेही बाहेर गेलो. पाच मिनिटे, फार तर सहा.

परत आलो तर फलाटावर पेटी नव्हती. त्या दिवसांत तिथून केळी दिल्लीला जात. हमालांनी वाळक्या पानांत बांधलेला, केळीच्या दोरीने आवळलेला माल पाहिला आणि तो उचलून केळीच्या डब्यात चढवला. यात त्यांचे काय चुकले? गाडी बऱ्हाणपूरच्या दिशेने लहान होत चालली होती. गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पेटी केळांसंगे दिल्लीले गई, ताई. बठ्ठं गये." (सगळं गेलं.)

स्टेशनमास्तरांनी पुढच्या स्टेशनांना तारा केल्या. पेटी काही मिळाली नाही, ती आजतागायत नाही. माझ्या वहीत मात्र एकतीस वस्तूंपुढे एकतीस बरोबरच्या खुणा होत्या.

सुभद्राक्का बैलगाडी घेऊन आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालताना बोलणाऱ्या. सगळे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही. आबांना उद्या सकाळी अकराला बोलावले आहे, ते आता रद्द केले तर पुन्हा येणार नाहीत, एवढेच त्या म्हणाल्या. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांच्यामागे सातपुड्याची निळी ओळ. अशा देखण्या रस्त्यावरून मी रिकाम्या हातांनी कधी गेले नव्हते.

रात्री जेवण होताच अक्कांच्या ओट्यावर आम्ही यादी केली. घरात, गावात काय मिळेल? लोटे. औषधाची रिकामी बाटली. बाभळीचा काटा. नळी काही सुचेना. तेव्हा सातवीतली यशोदा, शेजारच्या मळेकऱ्याची मुलगी, परसात गेली आणि पपईच्या पानाचा लांब देठ तोडून घेऊन आली. देठ आरपार पोकळ असतो. गावातली मुले त्याची पिचकारी करतात, आणि मी पुण्याहून काचनळ्या वाहून आणत होते.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला आबा शाळेत आले. साठीचे, भरघोस मिशांचे, डोक्याला पागोटे. बसायच्या आधीच त्यांनी आपले मत सांगून टाकले.

"बाई, जादूचे खेळ आम्ही जत्रेत पायतो. त्याच्यासाठी वखार कायले पायजे?"

मी वाद घातला नाही. पाण्याने भरलेल्या लोट्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून लोटा उलटा केला. पाणी पडले नाही. मुली हरखल्या, आबा म्हणाले, जत्रेतला यापेक्षा बरा असतो. मग यशोदाने धुतलेला देठ बाटलीतल्या पाण्यात सोडला आणि आबांना ओढून पाहायला सांगितले. पाणी सहज वर आले. पाणी कोणी वर आणले, असे मी विचारले. आबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले.

"मंग आता वढा," यशोदा म्हणाली. तिने देठाभोवती बाटलीचे तोंड कळण्याच्या पिठाच्या गोळ्याने गच्च बुजवले होते.

आबांनी ओढले. घोटभर आले आणि थांबले. पुन्हा ओढले, गाल आत गेले, कान लाल झाले. पाणी हलेना. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. गुरुजींना राहवले नाही. "आबा, जोर लावा ना. इतली मोठी मिशी शे, पानी का येत नही?" सगळ्या वर्गासह अक्काही हसल्या. आबा हट्टाला पेटून ओढतच राहिले, तेवढ्यात यशोदाने पिठाच्या गोळ्यात काटा खुपसून काढून घेतला. बारीक सूंऽ असा आवाज झाला आणि पाणी आबांच्या तोंडात, मिशांत, सदऱ्यावर.

हसणे थांबेपर्यंत आबा बाटलीकडे पाहत होते. मग त्यांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारले, "मी वढत नव्हतो?"

"नाई, आबा," यशोदा म्हणाली. "हवा वरून दाबते अन् पानी लोटते. तुमी फक्त वाट मोकळी करता."

"अन् पंप?"

"पंपाचं बी तसंच. हवा दमली का पानी थांबते."

"किती फुटावर दमते?"

यशोदाने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की हवा पाण्याला फार तर चौतीस फूट पेलते, आणि रोजच्या वापरातला पंप पंचविशीतच हात टेकतो. आबा उठले आणि निघून गेले. अक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी फळा पुसायला घेतला, तो पुसलेला होता तरी. त्या पाच मुलींची आठवी त्या दारातून बाहेर गेली, असे मलाही वाटले.

तासाभराने आबांचा निरोप आला: मळ्यात या, त्या पोरीलाही आणा. तिथे कोडे उलगडले. आबांनी दिवाळीत इंजिन घेतले होते, पंप विहिरीच्या काठावर बसवला होता. पाणी खाली गेले तसा पंप कोरडा चालू लागला. आबांनी दुकानदाराला शिव्या दिल्या, दोनदा वॉशर बदलले, शेवटी पुन्हा मोट जोडली. दोरी सोडून मोजले तर काठापासून पाणी तीस फूट.

विहिरीत पंधरा फुटांवर दगडी टप्पा होता. पंप तिथे उतरवायचा ठरला. मोटेचेच बैल, मोटेचीच दोरी. बैल मागे सरत होते आणि पंप हेलकावे खात खाली जात होता. इंजिन वर आणि पंप खाली, म्हणून पट्टा लांब लागला. तो गुरुजींनी जवळच्या जिनमधून (सरकी काढायच्या कारखान्यातून) मागून आणला आणि जोडून दिला. शनिवारी दुपारी इंजिन धडधडले. आधी नुसती हवा फुसफुसली, मग नळाने खाकरल्यासारखे केले आणि मनगटाएवढी धार पाटात पडली. मुली परकर खोचून पाटात उतरल्या. आबांनी कमरेची वखारीची किल्ली काढली आणि ती माझ्या किंवा अक्कांच्या नव्हे, यशोदाच्या हातात दिली.

"झाडून घेजो. कोळिष्टकं लई हायेत."

रविवारी निघालो. अक्कांनी अर्ज माझ्याच हाती दिला, मी तो सोमवारी जळगावला कचेरीत देऊन पोच घेतली. गाडीत वही उघडली आणि पुढच्या वर्षाच्या सामानाची यादी लिहू लागले. पहिल्या दौऱ्यातल्या एकतीस वस्तूंपैकी नव्या यादीत सातच घ्याव्याशा वाटल्या. बाकी त्या त्या गावात शोधायचे आणि मुलांकडूनच शोधून घ्यायचे. वीस वर्षे शिकवून हे मला केळीच्या मुलुखात कळले, याची लाज वाटली नाही. आनंदच झाला.

जूनमध्ये वखारीत आठवी सुरू झाली. पाच मुली होत्या, शेजारच्या गावातून आणखी दोन आल्या. जुलैत यशोदाचे पहिले पत्र आले, शाईचे डाग पडलेले. तिचा प्रश्न असा: उंचावर हवा विरळ असते असे पुस्तकात आहे, मग सातपुड्याच्या माथ्यावर पाणी चौतीस फुटांपेक्षा कमी चढेल का, आणि किती कमी? मी उत्तरात आकडा लिहिला नाही. आपण मोजू, असे लिहिले. त्यासाठी चाळीस फूट चांगली रबरी नळी, एक उंच कडा आणि कोरडा दिवस हवा. नळी मिळाली आहे, माझ्या खाटेखाली गुंडाळून पडली आहे. मोजायचे राहिले आहे.