घासलेली बाटली
काचेच्या बुचाची बाटली कुठे दिसली की मला चुलीतल्या राखेचा वास येतो. कोपरीला आमच्या परसात विहीर होती आणि तिच्यावर पहारा आत्याचा. एका पावसाळ्यात गल्लीत जुलाबांची साथ आली, तेव्हा नगरपालिकेचा माणूस कागदात गुंडाळलेली बाटली देऊन गेला. तपासणीसाठी सकाळी विहिरीचं पाणी भरून ठेवा म्हणाला. आत्याने ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली, “कुणाकुणाचे हात लागलेत, देव जाणे,” म्हणाली, आणि राख लावून काथ्याने खसाखसा घासली, मगच भरली. निकाल आला, पाणी दूषित. आत्याची नजर सरळ शेजारच्या नव्या बिऱ्हाडाकडे वळली. तिथली बाई रोज आमच्या विहिरीवरून पाणी न्यायची. “तिचा पोहरा बघितलायस कधी?” म्हणत आत्याने तिचं येणंच बंद केलं, ती बिचारी रिकामी कळशी घेऊन कुंपणापासून परतली. पुढच्या खेपेला त्या माणसाने विचारलं, “बाई, बाटली धुतली होतीत का? अहो, ती उकळून जंतू मारलेली होती!” “कुणी उकळली? मी पाहिलंय?” आत्या म्हणाली. त्याने नवी बाटली स्वतः भरून नेली. या वेळी पाणी चांगलं निघालं. “बघ,” आत्या मला म्हणाली, “ती यायची बंद झाली आणि पाणी सुधारलं!” मी तोंड फिरवून हसले होते. परवा दवाखान्यात तपासणीसाठी सीलबंद बाटली हातात दिली, तर माझा हात आधी नळाकडे गेला.