न केलेली तार

अण्णा, माझा थोरला भाऊ, पलटणीत होता आणि मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत. कोगनोळीजवळच्या आमच्या गावात तो रजेवर उतरला की आप्पा त्याच्यासाठी खाट सोडायचे, आई कोंबडं कापायला लावायची, आणि वर्षभर घरचं शेणघाण करणारा मी एकदम पाणक्या व्हायचो. "अण्णाला पाणी दे रं!" भरतीत माझी उंची बोटभर कमी पडली होती. मी त्याच्यावर जळायचो. साधंसुधं नव्हे, पार कोळसा होईपर्यंत.

सन ऐंशीच्या आसपास, दिवाळी पंधरा दिवसांवर असताना बर्फाच्या सरहद्दीवरून त्याचं पत्र आलं. आईआप्पांना अक्षरओळख नव्हती, पत्रं मीच वाचायचो. लिहिलं होतं, "पहिला बर्फ पडून रव्यासारखा सुटा झालाय. त्यावर नवा थर बसलाय. वरून टणक दिसतो, पण खालचा त्याला धरत न्हाय. पाय पडला की सगळा उतारच सुटतो. आमची टोळी वर जाणार हाय. लई भ्या वाटतंय. आई सिरियस म्हणून तार कर, रजा मिळंल."

अशा तारा आमच्याकडून सर्रास जायच्या. गावातल्या धडधाकट आया वर्षातून एकदा तारेपुरत्या मरणाला टेकायच्या आणि पोरगं आलं की चकल्या तळायला बसायच्या. तार ऑफिस वखारीपासून हाकेच्या अंतरावर होतं.

मी गेलो नाही. नुकताच मुकादम झालो होतो, ही दिवाळी माझी व्हावी असं वाटत होतं. शिवाय अक्कल चालवली: आत्ता तर सुरुवात, बर्फ थोडा म्हणजे धोकाही थोडा. पौषात गळ्यापर्यंत चढला की करू तार. मी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाड्यावर, भुशात गुंडाळलेला.

आईला वाचून दाखवलं, "अण्णा खुशाल हाय. थंडी लई हाय म्हणतोय." पहिल्या आंघोळीला तिनं मला तेल लावलं. सुख वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात उतार सुटला. अण्णा छातीपर्यंत गाडला गेला; त्याच्या मागून चालणारा जोडीदार चार दिवसांनी सापडला, मेलेला. माघात अण्णा घरी आला तेव्हा उजव्या पायाची बोटं नव्हती. गावानं वेशीपासून हलगी लावून त्याला आणलं, हार घातले. सांगायला लाज वाटते, मी त्या हारांवरही जळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागं मी त्याच्या पायावर कोमट पाणी ओतत होतो. आसपास कुणी नाही बघून त्यानं विचारलं, "पत्र मिळालंच न्हाय न्हवं तुला?"

"न्हाय," मी म्हणालो.

"व्हय, मी तिथं पोरांना तेच सांगितलं. टपाल कुठंतरी अडकलं असणार. न्हायतर माझा भाऊ पळत जाऊन तार करून आला असता."

त्याच्या मनातल्या त्या भावाचाही मला हेवा वाटला.